धाकटा दादा

माझ्या धाकट्या भावाला सगळे दादा म्हणतात. मीही म्हणते, आणि मी त्याच्याहून चांगली तीन वर्षांनी मोठी आहे. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग मला बघतो, मग मान मागे टाकून दादाला बघतो आणि म्हणतो, "काहीतरीच सांगता हं तुम्ही." पूर्वी मी वाद घालायचे. आता चाळिशी उलटल्यावर लोक धाकटी समजतात तर समजोत, माझं काय जातंय.

दादा म्हणजे दारातून आत येताना वाकणारा माणूस. लांबोडका चेहरा, रुंद कपाळ, पुढचे केस पहिल्यापासून विरळ, गाल कायम लाल, हाताचे पंजे ताटलीएवढे. पाठ जराशी डावीकडे वळलेली. बोलणं सावकाश. त्याचं एक वाक्य पूर्ण होईपर्यंत माझी तीन होतात. मी लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी राहते, तिथे मशीनच्या वर आवाज काढून बोलावं लागतं, त्यामुळे माझ्या तोंडाचा पट्टा घरी आल्यावरही थांबत नाही. दादा ऐकून घेतो. त्याने जन्मभर सगळ्यांचं ऐकूनच घेतलं.

तो जन्मला त्याच संध्याकाळी दवाखान्यातल्या आयाबाईने आईला विचारलं होतं म्हणे, "कितवा महिना चालू आहे बाळाला?" बाळ होतं सकाळचं. हा किस्सा आई आयुष्यभर सांगायची. पुढचं मात्र ती कमी सांगायची. बाळ पिवळं पडलं होतं, दिव्याखाली ठेवावं लागलं. अंगात जोर नव्हता, मान उशिरा धरली, चालायला तर इतका उशीर लागला की शेजाऱ्यांनी विचारणं सोडून दिलं. अंग मात्र ताडमाड वाढत होतं. पाय टाकायला लागला तेव्हाच तो शाळकरी पोरासारखा दिसायचा, आणि शाळकरी पोर तोंडात अंगठा घालून फिरतंय म्हटल्यावर लोक हसणारच.

आणि मी म्हणजे नुसती काडी. छाती कायम भरलेली, दोन जिने चढले की धाप. आम्ही शेजारी उभे राहिलो की बघणारा म्हणायचा, "दादाचा हात धर हं बाळ." हे मला. आईला आधी गंमत वाटली. "दादा ना तू तिचा? मग संपव बरं दूध." तो संपवायचा. असा उपयोगी पडणारा शब्द कोण टाकून देतं? बघता बघता वडील म्हणायला लागले, शेजारी म्हणायला लागले, मीही. मला सगळे चिमी म्हणायचे, म्हणून तोही चिमी म्हणू लागला. ताई हा शब्द आमच्या घरात कुणाच्या वाट्याला आलाच नाही.

मला दर आठवड्याला छातीच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. बस चढाच्या खाली सोडायची आणि दवाखाना चढाच्या टोकाला. आई मला कडेवर घ्यायची. मी सहा वर्षांची, पण वजन मांजराएवढं. दादा मागून चालायचा आणि पिशवी त्याच्या हातात असायची. माझे कपडे, पाण्याची बाटली, औषधं, आईची छत्री. पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून तो ती पोटाशी ओढायचा, तरी तिचा तळ रस्त्याला घासत जायचा. मला तो सगळा वेळ दिसायचा, कारण माझी हनुवटी आईच्या खांद्यावर आणि तोंड मागे. तो तीन वर्षांचा होता.

एकदा तो मध्येच खाली बसला. पिशवी टाकली आणि दोन्ही हात वर केले. आई म्हणाली, "दादा, ऊठ." तो उठेना. हात वरच. समोरून एक गृहस्थ येत होते, ते थांबून म्हणाले, "अरे, एवढा मोठा मुलगा तू. बहीण आजारी आहे, दिसत नाही? आईला कशाला त्रास देतोस?" आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि चारचौघांत असं झालं की तिचा हात चालायचा. एक बसली गालावर. दादा रडला नाही. उठला, पिशवी उचलली आणि चालू लागला. त्यानंतर त्याने कुणापुढे हात वर केलेले मला आठवत नाहीत.

आई वाईट नव्हती हो. त्याचं वय तिला पाठ होतं, कुणी विचारलं तर महिन्यासकट सांगायची. पण डोळ्यांना वय कुठे दिसतं, त्यांना दिसते उंची. पाच वर्षांचा दादा जिन्यात पडला तर "एवढा मोठा होऊन पडतोस काय" आणि आठ वर्षांची मी पडले तर "अगं बाई, लागलं का माझ्या चिमीला". बसमध्ये कंडक्टर त्याचं पूर्ण तिकीट मागायचा आणि माझं अर्धं काढायचा. आई वाद घालून घालून दमली आणि शेवटी कंडक्टर म्हणेल ते देऊ लागली.

शाळेत त्याला मास्तर वर्गाचा खांब म्हणायचे. मागच्या बाकावर बसायचा, पुढे बसला तर मागच्यांना फळा दिसत नसे. अक्षरं त्याच्या हातात धड उतरायची नाहीत, बोट थरथरायचं. एकाच वर्गात दोनदा बसला, पुढच्या वर्गातही तेच, आणि मग त्याच्या वर्गातली पोरं त्याच्या कमरेला लागू लागली. एवढा मोठा असून येत नाही, एवढा मोठा असून समजत नाही. हे इतक्यांदा ऐकलं की तो स्वतःच आधी म्हणायचा, "मला समजत नाही." म्हणजे पुढच्याचा वेळ वाचतो.

शाळा सुटली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. रंगकाम करणाऱ्या मुकादमाने वय विचारलंच नाही, नुसते खांदे बघितले आणि दुसऱ्या दिवशी ये म्हणाला. तेव्हापासून दादा छतं रंगवतो. दारं, खिडक्या, भिंतीची कड हे त्याच्याकडे कधी देत नाहीत, कारण त्याची रेघ वाकडी जाते. पण छताला कोण कड बघतंय? बाकीचे घोडीवर चढून मान मोडून घेतात, दादा पालथ्या डब्यावर उभा राहतो, लांब दांड्याचा रोलर धरतो आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न थांबता जातो. थांबलं की रंग वाळतो आणि जोड दिसते, असं तो सांगतो. त्यांच्या टोळीत कामाची वाटणी करताना मुकादम पहिलं वाक्य तेच म्हणतो, "छत दादाचं." चाळिशीच्या आतच त्याची मान आखडली, पाठ आणखी वळली, पण तक्रार म्हणून नाही.

लग्न उशिरा झालं. वहिनी छापखान्यात पुस्तकं बांधते, बारीक चणीची, पण बोलायला लागली की माझ्याशी बरोबरी करते. माझ्या धाकट्या भावाची बायको ती, पण नवरा दादा म्हटल्यावर ती आपोआप माझी वहिनी झाली आणि मी तिची वन्सं. मग मुलगी झाली. लांबच लांब, रुंद कपाळाची, लाल गालांची. दादा तिला हातात घेऊन खिडकीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "चिमे, माझ्यावर गेली गं." एवढा खूश मी त्याला कधीच पाहिला नव्हता. आयुष्यात याच्यासारखं व्हावं असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि हे पोर न सांगता त्याच्यासारखं झालं होतं. घरात नाव काय ठेवायचं यावर त्याने एकदाच हट्ट धरला. "छोटी म्हणायचं," तो म्हणाला. "कितीही वाढली तरी छोटीच म्हणायचं."

आणि वाढली की. तीन वर्षांची असताना पाचाची दिसायची. दादा घरी आला की ती हात वर करायची आणि तो वळलेल्या पाठीने तिला उचलून थेट छताला लावायचा. त्यावरून त्याला एक खेळ सुचला. दर वाढदिवसाला तो कामावरून उरलेला रंग वाटीत आणायचा, छोटीचा तळहात त्यात बुडवायचा आणि तिला उचलून पलंगावरच्या छतावर पंजा उमटवायचा. पिवळा, हिरवा, निळा, परत पिवळा. प्रत्येक पंजा आधीच्याहून मोठा. पाहुण्यांना तो छत दाखवायचा. दुसऱ्यांची छतं जन्मभर पांढरी केली, आपलं एक तरी रंगीत असू दे, असं म्हणायचा.

छोटी शाळेत जायला लागली आणि वहिनीला बोलावणी येऊ लागली. मुलगी बोलत नाही, मुलगी ऐकत नाही, एवढी मोठी असून पेन्सिल धरता येत नाही. एकदा तापात फिट आली आणि मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, आनुवंशिक आजारांच्या विभागात. मी रजा टाकून बरोबर गेले, कारण दादाला खिडकीवरच्या माणसाशी भांडता येत नाही, आणि वहिनीला छोटीला सांभाळायचं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. छोटीला तपासलं, तिचं डोकं टेपने मोजलं, मग त्यांची नजर दादावर गेली आणि तिथेच राहिली. "तुमचंही मोजू का?"

"टोपी शिवताय का?" मी म्हणाले. त्या हसल्या, दादाही हसला, आणि स्टुलावर बसून त्याने डोकं पुढे केलं. मग दोघांचं आणि वहिनीचंही रक्त घेतलं.

निकाल यायला बरेच आठवडे लागले. मग आम्हाला परत बोलावलं. बाईंनी समजावून सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. शरीराच्या प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं, आणि त्यात शरीर कसं घडवायचं याच्या सगळ्या सूचना गुंडाळून ठेवलेल्या असतात. एनएसडी वन नावाचं एक जनुक आहे. त्यावरून एक प्रथिन बनतं. शरीरातले संप्रेरकांचे निरोप घेणाऱ्या काही जागा त्या केंद्रकात असतात, त्यांना ग्राही म्हणतात. हे प्रथिन त्या ग्राहींना जाऊन चिकटतं, आणि सूचनांच्या गुंडाळीवर खुणा करतं. कुठली सूचना उघडी ठेवायची, कुठली मिटायची.

"आमचा मुकादम भिंतीवर पेन्सिलीने करतो तशा?" दादाने विचारलं.

"हो, तशाच. तर या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. हिची एक प्रत नादुरुस्त आहे. त्यामुळे प्रथिन पुरेसं होत नाही आणि खुणा कमी पडतात. म्हणून लहानपणी अंगाची वाढ पुढे पळते. बोलणं, शिकणं, हाताची पकड हे मागून, आपल्या गतीने येतं. येतं, पण वेळ लागतो." मग त्यांनी जरा थांबून दादाकडे पाहिलं. "बहुतेक मुलांमध्ये हा बदल नवाच घडलेला असतो, आईवडिलांत नसतो. पण तुमच्या रक्तातही तोच सापडलाय."

दादाने सावकाश विचारलं, "म्हणजे मी दिलं तिला?"

"असं कुणी ठरवून देत नाही हो. मूल होताना दोनपैकी एक प्रत जाते, कुठली ते कुणाच्या हातात नसतं." बाई चांगल्या होत्या, खरंच चांगल्या. त्या पुढे म्हणाल्या, "तुम्हालाही लहानपणी खूप सोसावं लागलं असेल. या मुलांना लोक वयापेक्षा मोठं धरतात आणि तेवढंच मागतात. छोटीच्या बाबतीत ते होऊ देऊ नका. ती सहा वर्षांची आहे. सहा वर्षांच्या मुलीला जेवढं कडेवर घ्याल, जेवढं समजून घ्याल, तेवढंच हिलाही."

"नाही, मला काही त्रास नाही झाला," दादा म्हणाला. गाल नेहमीचे लाल होते, बाकी चेहऱ्यात रक्त नव्हतं.

बाहेर आलो. पुन्हा तपासणीसाठी रक्त काढल्यामुळे छोटी रडवेली झाली होती. तिने दादासमोर उभं राहून हात वर केले. दादाने आपले दोन्ही हात खिशात घातले आणि पुढे चालायला लागला. मला वाटलं, धक्का बसलाय, घरी जाऊन ठीक होईल. वहिनीने तिला हाताला धरून ओढत आणलं.

ठीक वगैरे काही झालं नाही. दुसऱ्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. आवाज असा की मी इस्त्री तशीच सोडून कोपऱ्यात गेले. "वन्सं, यांनी छत पांढरं केलं."

"छत पांढरं केलं म्हणजे?"

"छोटी शाळेत होती. मी कामावरून आले तर हे रोलर धुवत होते. सगळे पंजे गेले. एक हात मारला, मग दुसरा मारला, खालचा निळा सुद्धा दिसत नाही आता. छोटी आली, पलंगावर आडवी पडली आणि वर बघून मला म्हणाली, आई, माझे हात कुठे गेले? मी काय सांगू तिला?" मग ती रडायला लागली. पुढचं तिने तुटक तुटक सांगितलं. दादा पोरीला हात लावत नाही. ती जवळ आली की उठून दुसऱ्या खोलीत जातो. ओव्हरटाइम मागून घेतो आणि ती झोपल्यावर घरी येतो. "हे माणूस माझ्या पोरीचा बाप होतं, वन्सं. आता पाहुण्यासारखं येतं आणि जातं. तुम्ही बोला त्यांच्याशी. माझं ऐकत नाहीत."

मी तशीच निघाले. मनात राग मावत नव्हता. दादाचा, आईचा, त्या चढावरच्या गृहस्थाचा, सगळ्यांचाच.

दादाचं काम चाललं होतं ती नवी इमारत होती, लिफ्ट अजून बसलेली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या घरात खाली रद्दी पसरलेली, खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलेलं, आणि मध्ये पालथ्या डब्यावर दादा, छताखाली मान वाकडी करून. बाकीचे रंगारी घरी गेले होते.

"उतर खाली," मी म्हणाले.

"थांब जरा. अर्ध्यात सोडलं तर जोड दिसेल."

मी दुसऱ्या डब्यावर बसले आणि त्याची वाट बघितली. मला गप्प बसता येत नाही, पण बसले. त्याने समोरच्या भिंतीपर्यंत नेलं, रोलर रंगाच्या तसराळ्यात ठेवला आणि खाली रद्दीवर बसला. पापण्यांवर सुद्धा रंगाचे थेंब.

"छोटी विचारते, बाबा कुठे असतात."

त्याने बाहीने पापण्या पुसल्या. मग म्हणाला, "चिमे, तिला शाळेत खांब म्हणतात का गं?"

"नाही."

"म्हणतील." बोटावरचा रंग खरवडत बसला. "मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, माझ्यावर गेली, माझ्यावर गेली. मला काय माहीत ते काय आहे. मला वाटायचं, मी आळशी आहे, मी मठ्ठ आहे. ते माझं माझं होतं, मी सोसलं. आता तेच सगळं तिच्या पुढ्यात मीच आणून ठेवलं. तिला उचललं की मला ते आठवतं."

मी तोंड उघडलं होतं, पण त्याला अजून बोलायचं होतं. त्याला वेळ लागतो, हे एवढ्या वर्षांत मला कळलेलं आहे.

"चिमे, त्या चढावर मी केवढा होतो?"

कुठला चढ, हे विचारायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी त्याचा विषय कधी काढला नव्हता. मला वाटायचं तो विसरला.

"तीन वर्षांचा," मी म्हणाले.

"आणि तू?"

"सहा."

त्याने रद्दीचा एक कागद सरळ केला. "मला वाटायचं, मी मोठा असून खाली बसलो, म्हणून आईने मारलं. मोठ्याने असं बसायचं नसतं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी लहान होतो."

"हो रे. तूच लहान होतास."

त्याचा तो भला मोठा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. तो रडला. लहान मूल रडतं तसं, तोंड उघडं टाकून, डोळे न पुसता. मी जवळ जाऊन त्याचं डोकं पोटाशी धरलं. बसलेला होता म्हणून माझा हात पुरला. माझा जीव तुटत होता, आणि तरी मला हेही दिसत होतं की तिकडे घरी आणखी एक लहान मूल बसलंय आणि त्याचा कुणी हात धरलेला नाही.

मग मी बोलले. जे काही आत साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. "हे बघ दादा. तुझ्या रक्तातून तिला उंची गेली, कबूल. बोलायला उशीर गेला, थरथरता हात गेला, तेही कबूल. पण ती पिशवी रक्तातून आली होती का? ती थप्पड? तो खांब, तो तेराव्या वर्षीचा रोलर? हे कुठल्या जनुकात लिहिलेलं नव्हतं. ते माणसांनी केलं, आपल्याच माणसांनी. आईला कुणी सांगणारं नव्हतं. तुला बाईंनी समोर बसवून सांगितलंय, आणि तरी तू काय करतोयस? पोर हात वर करते आणि तू खिशात हात घालून निघून जातोस. तिला तरी काय वाटत असेल? तिलाही वाटत असेल की आपण मोठे झालो, आपलंच काहीतरी चुकलं."

मी धापा टाकत होते. तो उठला, नळाखाली रोलर धुतला, हात धुतले, कपडे बदलले, सामान पिशवीत भरलं. ती त्याची कामाची पिशवी, ताडपत्रीची, दोन बंदांची. आम्ही दोघं त्याच्या घरापर्यंत चालत आलो. अजून उजेड होता.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर छोटी बसली होती. शेजारी तळमजल्यावरच्या काकू. छोटी बापाला बघून उठली. मी मनात म्हणत होते, हात वर कर गं, एकदा कर. तिने हात वर केले नाहीत. सरळ येऊन त्याच्या पिशवीचा एक बंद धरला आणि म्हणाली, "बाबा, पिशवी मी घेते. मी मोठी आहे ना."

"बघा, किती शहाणी," काकू म्हणाल्या.

दादा तिथेच उभा राहिला. छोटीने दोन्ही हातांनी बंद ओढला, पिशवीचा तळ फरशीवर खरडला, आणि तो आवाज त्याने ऐकलेला मी पाहिला. त्याने तिच्या बोटांतून बंद सोडवला. पिशवी खाली ठेवली, वाकला, त्याची पाठ कशी दुखत असेल ते त्यालाच ठाऊक, आणि छोटीला उचलून कडेवर घेतलं. तिचे लांब पाय त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

"अहो, एवढ्या मोठ्या मुलीला कशाला उचलता?" काकू म्हणाल्या. "चालेल की ती."

"सहा वर्षांची आहे," दादा म्हणाला. मग दोन पायऱ्या चढून तो थांबला. मागे वळला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तेवढी पिशवी घेतेस?"

मी घेतली. ओल्या रोलरने आणि सामानाने चांगली जड झाली होती. तो पुढे चढत होता, आणि छोटीची हनुवटी त्याच्या खांद्यावर, तोंड मागे, माझ्याकडे.

"आत्या, तू का रडतेस?" तिने विचारलं.

"धाप लागली गं," मी म्हणाले, आणि पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून त्यांच्या मागून जिना चढत राहिले.